पहिली इलेक्ट्रिक गिटार आणि नेकचे लाकूड

पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना नेक (डाव्या हाताने धरायचा लांब दांडा) मेपलची घ्यावी की महॉगनीची, हा प्रश्न रास्त आहे; परंतु पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबकीय भाग), तारा आणि अँप्लिफायर यांच्या तुलनेत नेकच्या लाकडाचा आवाजावरील परिणाम सूक्ष्म असतो, हे आधी ध्यानात घ्यावे. हाताला मात्र फरक लगेच जाणवतो, आणि तोही बहुधा नेकची जाडी व पॉलिश यांमुळे: चकचकीत लॅकर घामाने चिकट लागते, मॅट पॉलिशवर अंगठा सहज सरकतो.

सोलापूरसारख्या ठिकाणी लाकडाची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. पारा ४० अंशांपलीकडे गेला आणि हवा कोरडी पडली, की फ्रेटबोर्ड (नेकवरची, बोटांनी तारा दाबायची लाकडी पट्टी) रुंदीत आकसतो, त्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोके कडेने बाहेर येतात आणि बोटांना टोचू लागतात. म्हणून खरेदीपूर्वी नेकच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवून पाहावे, आणि गिटार पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत भिंतीला टांगून न ठेवता तिच्या पेटीत (केसमध्ये) ठेवावी.

नवशिके हमखास करतात ती चूक म्हणजे तार खरखरली, की लगेच ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली धातूची सळई) पिळणे. आधी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधल्या फ्रेट आणि तार यांतली फट तपासावी. फिरवणे भागच पडले, तर एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नको.