विशाखापट्टणमचं पाणबुडी संग्रहालय बडोद्याहून जाऊन बघण्याइतकं आहे का? सोबत दहा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारी आई आहे.

निव्वळ तेवढ्यासाठी जाऊ नका. आतला फेरा अर्ध्या-पाऊण तासात उरकतो. अराकूचं खोरं, सिंहाचलमचं मंदिर जोडून सहल करणार असाल तर मात्र चुकवू नका. गांधीधाम-विशाखापट्टणम साप्ताहिक गाडी आपल्या बडोद्यावरूनच जाते.

निघण्याआधी मुलाला कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा पुन्हा एकदा दाखवा. तो साधारण २२ मीटर आहे. संग्रहालय झालेली पाणबुडी, आयएनएस कुरसुरा, ९१ मीटर, म्हणजे असे चार देवमासे एकापुढे एक. एवढी लांबी ऐकून मुलाला आत ऐसपैस जागा असेल असं वाटेल, आणि खरी गंमत तिथेच आहे. रुंदी जेमतेम साडेसात मीटर. त्यात डिझेल इंजिनं, बॅटऱ्या, २२ टॉर्पेडो (पाण्यातून सुटणारी स्फोटक अस्त्रं) आणि उरल्यासुरल्या फटीत पंचाहत्तरेक माणसं. टॉर्पेडोच्या कुशीतच झोपायच्या फळ्या आहेत. पाण्याखाली डिझेल इंजिनांना हवा मिळत नाही, म्हणून बॅटरीवर चालायचं आणि ती भरायला पुन्हा वर यायचं, हे तिथे उभं राहून मुलाला समजावून सांगा. आत माहिती द्यायला नौदलातून निवृत्त झालेली मंडळी असतात. त्यांना यंत्रांपेक्षा जेवण, आंघोळ, झोप यांबद्दल विचारा. ती खुलतात.

एक गोष्ट मात्र मुलाच्या डोक्यात नीट घाला. ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी डिसेंबर १९७१ मध्ये याच किनाऱ्याजवळ बुडाली, त्यामुळे ती कुरसुराने बुडवली असं कुणीही ठोकून देतं. कुरसुरा त्या युद्धात अरबी समुद्रात होती. गाझी ‘राजपूत’ नौकेच्या माऱ्याने बुडाली असं आपलं म्हणणं. पाकिस्तान ते मानत नाही.

सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी १९६९ ते २००१ नौदलात होती आणि २००२ पासून रामकृष्ण बीचवर वाळूत उभी आहे.

आता आईंचं. चढायला जिना आहे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल झरोक्यासारखी दारं. डोकं वाकवून, पाय उचलून टाकावा लागतो. मी तर म्हणेन, त्यांना बाहेर समुद्राकडे तोंड करून बसवा. सोमवारी बंद असतं, रविवारी संध्याकाळी झुंबड. मधल्या वारी, उघडताच जा, म्हणजे मागून कुणी ढकलत नाही.