सांगलीत महापालिका शाळांतल्या दोन हजार मुलांच्या पोषण आहाराचं काम आमच्या संस्थेने घ्यावं का? काय तयारी लागते?

तुमच्या प्रश्नात दोन हजार मुलं लिहिलीत, म्हणून त्याच आकड्यावर बोलतो. पहिली ते पाचवीची १४०० आणि सहावी ते आठवीची ६०० धरा. लहान मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, तर मोठ्याला १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. म्हणजे रोज २३० किलो तांदूळ, ४६ किलो डाळ, ११५ किलो भाजी आणि साडेअकरा किलो तेल. तांदूळ सरकारकडून येतो, बाकीचं बहुतेक तुम्हाला आधी उचलावं लागतं.

संस्था इथेच अडकतात. दर शासन निर्णयाने बदलतो, पण हिशेबापुरता सरासरी आठ रुपये धरला तरी दिवसाचे १६ हजार आणि २२ दिवसांचे साडेतीन लाख होतात. बिल तीन महिने रखडलं की साडेदहा लाख तुमचे बाहेर. किराणावाला तेवढा थांबत नाही. त्यामुळे करारात बिल किती दिवसांत निघेल ते लिहून घ्या. एवढी रक्कम बँकेत नसेल तर निविदा भरू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी मेख पटसंख्येची. बिल निघतं ते त्या दिवशी जेवलेल्या मुलांवर. पट २००० असला आणि १७०० मुलं आली तर ३०० ताटं तुमच्या अंगावर. शाळा भरताच हजेरी फोनवरून घ्या आणि मगच तांदूळ मोजा. मुख्याध्यापकांनी ऑनलाइन भरलेला आकडा आणि तुमच्या डिलिव्हरी चलनावरचा आकडा रोज जुळवा. महिनाअखेरीला तफावत निघाली की बिल परत येतं, आणि तेव्हा आठवतं कोणाला?

कागदांत धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरचा संस्थेचा नोंदणी क्रमांक) आणि अन्न परवाना तयार ठेवा. संस्थेच्या घटनेतल्या उद्दिष्टांत हे काम बसतं का तेही बघा. नव्या विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयातली नोंद, प्रलंबित असेल तर करारावर सही कोणाची, हा वाद हमखास निघतो. तो आधी मिटवा.

स्वयंपाकघराची जागा भाडं बघून नव्हे, पुराचं पाणी बघून घ्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा नदीकाठच्या गावभागात स्वस्त गोदाम मिळतंय म्हणून भुलू नका. विश्रामबाग किंवा कुपवाडच्या बाजूला उंचावर बघा. तांदळाची थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब लावा.

अन्न वाढताना ६५ अंशांच्या वर गरम हवं. सांगली आणि मिरज एकाच गाडीत उरकायचं म्हटलं तर शेवटच्या शाळेत डाळ कोमटच पोहोचते. गाड्या दोन लागतात. शाळेत वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. ती सही तुमच्या माणसाने समोर उभं राहून घ्यावी, दुसऱ्या दिवशी एकदम नको. प्रत्येक पदार्थाचा नमुना झाकून एक दिवस ठेवा. मळमळीची तक्रार आली तर तेवढाच पुरावा हातात असतो.

आणि रिकामी पोती विकू नका की वाटू नका, त्यांचाही हिशेब मागतात.