जीवनसत्त्वे आणि संप्रेरके घेतल्याने मेंदू तल्लख होतो आणि नसा पुन्हा वाढतात का?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे, ‘घेऊन पाहायला हरकत काय, जास्त झालेले जीवनसत्त्व लघवीवाटे निघूनच जाते.’ हे वाक्य आमच्या घरात मी इतक्या वेळा ऐकले आहे की उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. पायांना मुंग्या येतात, माणसांची नावे ऐन वेळी आठवत नाहीत, तेव्हा मेंदूला बळ देणारे आणि नसांची वाढ करणारे एखादे जीवनसत्त्व किंवा संप्रेरक सुचवावे, अशी तुमची विचारणा आहे. मी काहीही सुचवणार नाही. आधी रक्त तपासून घ्या आणि तोपर्यंत स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी सुरू करू नका.

ते वाक्य माझ्या थोरल्या दिरांचे. ते डॉक्टर नाहीत, परंतु औषधांविषयी वाचतात पुष्कळ आणि बोलतात त्याहून अधिक. सासूबाईंचे तळपाय जळजळू लागले, चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी त्यांना कळेनासे झाले आणि एकच गोष्ट त्या पुन्हा पुन्हा विचारू लागल्या, तेव्हा दिरांनी नसांसाठी म्हणून एक कॅप्सूल परस्पर आणून सुरू केली. तिच्यात फोलिक ॲसिड भरपूर होते, बी-६ तब्बल १०० मिलिग्रॅम होते, बायोटिन हे आणखी एक बी गटातले जीवनसत्त्व होते. बी-१२ मात्र नव्हतेच. सासूबाई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी अनेक वर्षे घेत होत्या. ही दोन्ही औषधे दीर्घकाळ चालू राहिली तर अन्नातील बी-१२ चे शोषण घटू शकते, पण तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही. हिमोग्लोबिन ठीक, तांबड्या पेशींचा आकारही ठीक, म्हणजे जीवनसत्त्वाची कमतरता नाही. राहता राहिले वय आणि साखर, असा निष्कर्ष निघाला आणि नेहमीच्या डॉक्टरांनीही त्याला मान डोलावली.

मला तो पटला नव्हता. सासूबाई एरवी ताठ उभ्या राहत, पण तोंड धुताना डोळे मिटले की त्यांचा तोल पुढे जाई आणि त्या झटकन भिंत धरत. आपली पावले कुठे आहेत ही खबर पायांकडून मेंदूकडे पोहोचत नसली, की माणूस ती उणीव डोळ्यांनी भरून काढतो. डोळे मिटले की तो आधारही जातो. मी हट्टाने त्यांना मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे नेले. त्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क कंप पावता करून सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला, तेव्हा डोळे मिटून बसलेल्या सासूबाईंनी विचारले, “ठेवला का?” अंगठा वर वळवला की खाली, हेही त्यांना सांगता येईना. इतके तर मधुमेहानेही होऊ शकते. पण डॉक्टरांनी तळव्याच्या कडेने बोथट टोक ओढताच अंगठा खाली वळण्याऐवजी वर उठला, आणि प्रौढ माणसात असे होणे ही मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे मार्ग दुखावल्याची खूण असते. पायातील नसा बिघडवणारी साखर या खुणेचे स्पष्टीकरण देऊ शकत नव्हती. बी-१२ चा आकडा सीमारेषेवर आला, बी-१२ अपुरे पडले की रक्तात साचणारे मेथिलमॅलॉनिक ॲसिड मात्र स्पष्टपणे वाढलेले निघाले, म्हणजेच पेशींच्या पातळीवर बी-१२ कमी पडत होते.

आता दिरांच्या वाक्याकडे येते. बी-१२ पाण्यात विरघळणारे आहे, पण ते सगळेच निघून जात नाही. यकृतात त्याचा काही मिलिग्रॅमचा साठा असतो आणि प्रौढ माणसाची रोजची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम असते, त्यामुळे शोषण थांबले तरी तूट उघड व्हायला वर्षे लागतात. म्हणूनच हा आजार दबक्या पावलांनी येतो आणि त्याचे खापर सहज वयावर फोडता येते. बी-६ सुद्धा पाण्यात विरघळते. तरीही १९८३ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा सात जणांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांच्या संवेदना वाहणाऱ्या नसा रोज २ ते ६ ग्रॅम बी-६ घेतल्याने निकामी होत गेल्या होत्या आणि ज्यांना धड चालताही येईनासे झाले होते. पुढे बऱ्याच कमी मात्रेतही त्रास झाल्याच्या नोंदी आल्या. अमेरिकेत प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम मानतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. मुंग्या घालवण्यासाठी घेतलेली गोळी स्वतःच मुंग्या आणू शकते, हे मी दिरांना समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी विषय बदलला.

फोलिक ॲसिडचा भाग त्याहून गंभीर आहे. बी-१२ कमी पडले की दोन वेगळी कामे अडतात. अस्थिमज्जेत पेशींच्या विभाजनासाठी डीएनए नीट तयार होत नाही आणि रक्तक्षय होतो; दुसरीकडे चेतातंतूंभोवतीचे मायलिनचे आवरण टिकत नाही आणि मज्जारज्जूच्या मागच्या व बाजूच्या पट्ट्यांची झीज होते. पहिले काम बाहेरून भरपूर फोलिक ॲसिड दिल्याने भागते, दुसरे भागत नाही. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातच डॉक्टरांनी हे पाहिले होते: निव्वळ फोलिक ॲसिड दिलेल्या रुग्णांचे रक्त सुधारत होते आणि नसा बिघडतच होत्या. सासूबाईंचे रक्त ‘ठीक’ का दिसत होते, याचे उत्तर कदाचित त्या कॅप्सूलमध्येच होते. कदाचित म्हणते, कारण फोलिक ॲसिड न घेताही असे घडते. लिंडेनबॉम या डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये बी-१२ च्या अभावाने मज्जासंस्था किंवा मन बिघडलेले १४१ रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतील ४० जणांत रक्तक्षयही नव्हता आणि पेशी मोठ्याही झालेल्या नव्हत्या. तेव्हा ‘हिमोग्लोबिन चांगले आहे ना, मग झाले’ असे तुम्हाला कुणी सांगितले, तर ऐकू नका.

बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाल्यावर सासूबाईंचे चित्त आधी ताळ्यावर आले, विचारलेले पुन्हा विचारणे थांबले. पाय मात्र फार सावकाश सुधारले आणि अंगठ्यांची बधिरता पूर्ण गेली नाही. दिरांचे म्हणणे आजही असे की, शेवटी जीवनसत्त्वानेच गुण आला, म्हणजे त्यांचेच खरे ठरले. तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर याच वादात आहे. विटा संपल्या की गवंडी हात बांधून बसतो हे खरे, परंतु अंगणात दुप्पट विटा आणून टाकल्याने घर दुमजली होत नाही. ऑक्सफर्डमधील २०१० च्या एका चाचणीत स्मरणशक्तीच्या सौम्य तक्रारी असलेल्या वृद्धांना फोलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ देण्यात आले, तेव्हा ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन (ही जीवनसत्त्वे कमी पडली की वाढणारे एक अमिनो आम्ल) जास्त होते त्यांच्या मेंदूचे आकुंचन निम्म्याने मंदावले. ज्यांचे ते कमी होते त्यांना लाभ दिसला नाही. पुढे २०१४ मध्ये सुमारे २२,००० लोकांवरील चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर सरसकट सर्वांना बी जीवनसत्त्वे दिल्याने वाढत्या वयातील बौद्धिक घसरण रोखली गेली नव्हती. ‘ड’ जीवनसत्त्वाचेही तेच झाले. १८,००० हून अधिक प्रौढांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या चाचणीत त्याने नैराश्य टळले नाही.

नसांची प्रत्यक्ष वाढ हा वेगळ्याच रेणूंचा प्रांत आहे. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाबाहेर पडावे लागलेल्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी इटलीतील तुरीन शहरातल्या आपल्या घरातच कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग चालू ठेवले, आणि पुढे अमेरिकेत स्टॅनली कोहेन यांच्यासह ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ शोधून काढला. १९८६ चे नोबेल त्या दोघांना मिळाले. हा पदार्थ जीवनसत्त्व नाही, तर प्रथिन आहे. तो गिळला तर पोटात पचून जाईल. मधुमेहाने दुखावलेल्या नसांसाठी तो टोचूनही पाहिला, पण मोठ्या चाचणीत उपयोग सिद्ध झाला नाही आणि टोचल्या जागी वेदना मात्र झाल्या. त्याचा औषध म्हणून वापर आज होतो तो डोळ्यांत घालायच्या थेंबांत, बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या नसांसाठी. हातापायांतील तुटलेला चेतातंतू अनुकूल स्थितीत दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतो, मेंदूत आणि मज्जारज्जूत तेवढेही सहसा होत नाही. तेव्हा महिनाभरात नसा नव्या करून देणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

संप्रेरकांबाबत थोडक्यात लिहिते. थायरॉईडची तपासणी जरूर करा, कारण त्याची कमतरता प्रौढ माणसाला मंद व विसराळू करते आणि ती भरून काढता येते. नवजात बालकात तीच कमतरता वेळीच ओळखली नाही तर बुद्धीची हानी कायमची होते. पण ज्याचे थायरॉईड नीट आहे त्याने ते वरून घेतले, तर हृदयाची लय बिघडते आणि हाडे विरळ होतात, मेंदूला काही मिळत नाही. इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाची कथा तर दिरांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागातील, चेतापेशींवरचे एकमेकींशी जोडणी करणारे सूक्ष्म काटे इस्ट्रोजेनच्या चार-पाच दिवसांच्या चक्राबरोबर वाढतात आणि घटतात, असे आढळले, तेव्हा म्हातारपणी हे संप्रेरक दिले तर स्मृती टिकेल अशी मोठी आशा निर्माण झाली. प्रत्यक्षात ६५ वर्षांवरील स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसरे एक स्त्रीसंप्रेरक) एकत्र देणाऱ्या चाचणीत, २००३ मध्ये, स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट झाल्याचे दिसले. पेशीत जे दिसते ते गोळीतून मिळतेच असे नाही. हिप्पोकॅम्पसचा आकार वाढल्याचे २०११ मध्ये दिसले ते आठवड्यातून तीनदा चालायला लावलेल्या वृद्धांमध्ये, एका वर्षात सुमारे दोन टक्के. दिरांना मात्र चालायला सांगितले की गुडघा आठवतो.

तर तपासणीत बी-१२, आणि ते सीमारेषेवर असेल तर मेथिलमॅलॉनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन, फोलेट, थायरॉईडसाठी टीएसएच आणि साखर, एवढे असू द्या, आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

मी डॉक्टर नाही, हे सांगायचे राहिले. शिवाय ‘आधी तपासणी’ या माझ्या आग्रहाला अपवाद आहेत. गर्भधारणेचा विचार असेल तर फोलिक ॲसिड आधीपासूनच घ्यायचे असते, कारण गर्भाची मज्जानलिका, जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. दीर्घकाळ मद्यपान केलेला किंवा सतत उलट्या होणारा माणूस गोंधळलेला, अडखळणारा दिसला तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालयात बी-१ टोचावे लागते. रजोनिवृत्तीच्या सुमारास त्रासासाठी डॉक्टरांनी दिलेले संप्रेरक मी वर लिहिलेले वाचून बंद करू नका. ती चाचणी वयाने मोठ्या स्त्रियांची होती. आणि बायोटिन असलेली गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी ती किती दिवस थांबवायची हे प्रयोगशाळेला विचारा, कारण काही यंत्रांवर तिच्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि बी-१२ खोटे जास्त दिसू शकते. दिरांच्या कॅप्सूलमध्ये तेही होते, हे वर सांगितलेच आहे.