विदर्भातल्या खेड्यात राहून रॉक क्लायंबिंग जमतं का? विहिरीत उतरणाऱ्या माणसाचं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न असा की वय ३१, राहणं वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यात, घरी शेती, मोबाईलवर क्लायंबिंगचे व्हिडिओ पाहू पाहू डोकं फिरलंय, पण सह्याद्री पडला तिकडे लांब, मग विदर्भात राहून हे जमतं का का पुण्या-मुंबईच्या लोकांचंच खूळ आहे हे.

जमतं. मी ३४ व्या वर्षी सुरू केलं, आता ४३ चा आहे. पण तुम्ही विचारून राहिले की कडा कुठं शोधू, आणि मी म्हणतो कडा सापडतोच, आधी तुमचा दोर धरणारा माणूस शोधा. कसं ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मी अचलपूर तालुक्यातला, मेळघाटच्या पायथ्याशी संत्र्याचा पट्टा आहे ना, तिथला. धंदा मोटर रिपेअरिंगचा. विहिरीतली मोटर अडकली, फूटव्हॉल्व्ह गेला, पाईप निखळला की लोक मला बोलावतात आणि मी सोल, म्हणजे शेतीचा जाड नायलॉन दोर, कमरेला बांधून ४०-५० फूट खाली उतरतो. जुन्या विहिरीत आधी पेटता कंदील सोडायचा, तो विझला तर खाली हवा खराब आहे, उतरायचं नाही, एवढंच एक शास्त्र बाबांनी शिकवलं होतं. बाकी सगळं अंगावर. वरती एक पोट्टा सोल धरून उभा, तो बिडी प्यायला गेला तर आपण खाली देवाच्या भरवशावर.

२०१६ च्या डिसेंबरात आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या पहिल्या टप्प्याला एक काळा कडा आहे ७०-८० फुटाचा, तिथं कॉलेजच्या पोरापोरींचा कॅम्प आला. ज्या शेतात तंबू टाकले तिथल्या विहिरीची मोटर त्याच दिवशी बसली, मग मला निरोप. मी नेहमीप्रमाणे सोल घेतली, थारोळ्यावरून खाली टाकली आणि उतरायला लागलो तर एक पोरगी धावत आली, तेवीस-चोवीस वर्षांची असेल, त्यांची इन्स्ट्रक्टर होती. म्हणे, "दादा थांबा, हा दोर किती जुना आहे?"

म्हटलं, "असन पाच-सहा वर्साचा. बैल लटकवला तरी तुटत नाही मॅडम."

तिनं काही न बोलता सोल हातातून सरकवत नेली, तळव्यातून, हळूहळू, जशी बाई मांडीवर लेकराचे केस विंचरते तशी, आणि एका जागी थांबली. तिथं धागे पांढरे फुलून आले होते कापसासारखे. म्हणे इथे तुटेल. मी हसलो, पण हसू काही खरं नव्हतं, कारण दोन वर्षं आधी दुसऱ्या एका विहिरीवर अगदी तसंच झालं होतं, काठाच्या फुटक्या सिमेंटवर घासून सोल तुटली आणि मी आठेक फुटावरून पाण्यात पडलो, पाणी कमरेएवढं होतं म्हणून वाचलो, नाहीतर पायच जाता. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं, का ते माहीत नाही.

त्या दिवशी मी त्यांच्या दोरावर विहिरीत उतरलो. हार्नेस म्हणजे कमरेला आणि दोन्ही मांड्यांना पट्टे, त्यात माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो, दोन्ही हात मोकळे! वीस वर्षं मी एका हातानं सोल आणि दुसऱ्या हातानं पाना धरून काम करत आलो होतो हो.

दोराचं तिनं समजावलं ते तुम्हालाही सांगतो कारण इथंच लोक मरतात. प्रश्न वजनाचा नसतो, झटक्याचा असतो. माणूस चार-पाच फूट पडून दोरावर अडकला की झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो. क्लायंबिंगचा जो डायनॅमिक दोर असतो तो ताणतो, झटका स्वतः खातो. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर वेगळा, तो फारसा ताणत नाही, उतरायला चांगला, पण त्यावर लीड करत, म्हणजे वरून दोर न घेता तो खालून सोबत नेत, चढून पडलात तर कंबर मोडेल. आणि आपला शेतीचा नायलॉन या दोन्हीत बसत नाही. तसंच कॅराबिनर, म्हणजे ती कडी, तिच्यावर आकडा कोरलेला असतो, २२ केएन वगैरे, म्हणजे साधारण २२०० किलोचा जोर सोसेल. बाजारात किल्लीला लावायला तसल्याच दिसणाऱ्या कड्या पन्नास रुपयात मिळतात, त्या किल्लीलाच लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कड्यावर बोलावलं. म्हणे तुम्ही मोटर दुरुस्त केली, आता फुकट चढा. माझं वजन तेव्हा ७८ किलो, ती असेल पन्नासची. म्हटलं मॅडम मी पडलो तर तुम्ही वर उडाल. तिनं दाखवलं, दोर वर दोन वेगळ्या जागी पक्का बांधलेल्या अँकरमधून फिरून खाली येतो, एक टोक माझ्या कमरेला, दुसरं तिच्या कमरेच्या छोट्या यंत्रातून, ते यंत्र दोराला दाबून धरतं. याला बिले म्हणतात. तिनं स्वतःला खाली झाडालाही बांधून घेतलं होतं, माझ्या वजनाचा मान ठेवून.

चढायला लागलो आणि दहा फुटातच हात गेले. कोपरापासून मनगटापर्यंत दगड झाले, बोटं उघडेनात. सोल ओढायची सवय ना, मी सगळं हातानंच करून राहिलो होतो. खालून आवाज, "दादा ओढू नका, पायावर उभे राहा. हात सरळ ठेवा, लटकू द्या." पायाखाली काय होतं म्हणाल तर चिंचोक्याएवढा उंचवटा. त्यावर ७८ किलो उभं राहील यावर माझा विश्वासच नाही. पण दुसरा इलाज नव्हता, टाकला भार, आणि राहिलं ना राजेहो! अंगठ्याच्या टोकावर उभा राहिलो. तो एक क्षण मला अजून आठवतो, मोटर पहिल्यांदा स्वतः भरून चालू केली होती तेव्हा असं वाटलं होतं.

मग शांतपणे नाकासमोरचा दगड पाहिला. आणि भाऊ, तो दगड माझ्या ओळखीचा निघाला. विहिरीत उतरताना आधी माती, मग मुरूम, मग भोकाभोकाचा मांजऱ्या दगड, त्यात पांढरे चमकणारे खडे, मग कुठं एखादा लाल मातीचा पट्टा, मग काळा पाषाण ज्याला सुरुंगाशिवाय हात लावता येत नाही. तेच थर इथं उभे, उघडे, उन्हात. वीस वर्षं मी जे कंदिलाच्या उजेडात पाहिलं ते आमच्या घरामागे डोंगरावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं होतं आणि मी त्याला बकऱ्यांची जागा समजत होतो. मॅडमनं सांगितलं हे सगळं लाव्ह्याचे थर आहेत, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले, दख्खनचं पठार म्हणतात ते हेच. मधली लाल माती म्हणजे दोन थरांच्या मध्ये जो वेळ गेला त्यात तयार झालेली. म्हणून चढताना त्या लाल पट्ट्याला हात घालायचा नाही, भुगा होतो. काळ्या पाषाणाच्या भेगा चांगल्या. मांजऱ्याच्या भोकात दोन बोटं मस्त बसतात पण आतले खडे कातडी सोलतात, आणि भोकात आधी पाहून घ्यायचं, विंचू असतो.

तुमचा वाशीम भागही याच काळ्या दगडाचा, म्हणून हे एवढं सांगितलं. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे गेलात तर दगडाची जातच वेगळी आणि जुनी, तिथली पकड वेगळी, ते मला फार येत नाही.

कॅम्प गेला पण खूळ राहिलं. मॅडमनं जाताना माझ्या दोराला कात्री लावली (खरंच लावली, तीन तुकडे केले, म्हणे आता बकऱ्या बांधा). पुढच्या हिवाळ्यात मी त्यांच्या ग्रुपसोबत चार वेळा गेलो, गाठी शिकलो, अँकर शिकलो, मग हार्नेस घेतला, दोर घेतला. बायकोनं एकच विचारलं, विमा काढला का पह्यले. बाबा म्हणाले, "बकऱ्याईचं काम हाये थे, तू कायले चढून राह्यला?" एकदा तर मी दीड तास झटून वर पोचलो आणि वर एक गुराखी म्हातारा बसलेला, तंबाखू मळत. म्हणे वर यायचं होतं तर मांगून वाट हाये ना बावा, सांगतलं असतं.

आता दोर धरणाऱ्याची गोष्ट. माझ्या हाताखाली काम करणारा पोट्टा आहे, छोटू म्हणतो आम्ही त्याला, विहिरीवर सोल तोच धरतो, त्यालाच मी बिले शिकवलं. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मी वीसेक फुटावर होतो, कड्याच्या पोटाखाली आग्या मोहोळ होतं ते आम्हाला दिसलं नव्हतं, म्हणजे पाहिलंच नव्हतं, चूक आमचीच. खाली कुणीतरी बिडी पेटवली. धूर वर गेला आणि एकदम मोटर चालू झाल्यासारखा आवाज, आणि माश्या आधी छोटूवर. बाकीचे दोघं पळाले, त्यांना दोष नाही देत, कोणीही पळेल. छोटूनं दोर सोडला नाही. डोळे मिटून, मान खाली घालून, यंत्रातून दोर सोडत सोडत मला जमिनीवर आणलं, धाडकन नाही, हळू आणलं. मग दोघं पळालो. त्याच्या तोंडावर-मानेवर मोजून सतरा काटे, मला पाच. सरकारी दवाखान्यात नर्सबाईनं चिमट्यानं काढले, इंजेक्शन दिलं, तो सुजलेल्या तोंडानं म्हणतो, "मालक, उद्या विहिरीचं काम हाये का?"

म्हणून आधी तो माणूस. विडीसाठी दोर सोडणारा असेल तर तुम्ही कितीही चांगले चढा, काही उपयोग नाही.

बाकी कामाच्या गोष्टी भराभर सांगतो. सीझन दिवाळी ते फेब्रुवारी. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ डिग्री आणि काळा दगड, चटका बसतो. कडा आधी अर्धा तास दुरून नुसता पाहायचा, मोहोळ, सुटे दगड, कपारी. कपारीत अस्वल असू शकतं, मोहाची फुलं पडतात त्या दिवसात तर पहाटे डोंगरात जाऊच नका, वाघ बाजूला होतो, अस्वल होत नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत विनापरवाना चढणं सोडाच, शिरणंही गुन्हा. नरनाळा किल्ला त्याच हद्दीत येतो. गाविलगड किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तटावर चढाईचे प्रयोग करू नका. तुम्हाला लोणार जवळ पडतं आणि काठ पाहून हात शिवशिवतील, पण ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे, तिथं फक्त फिरा. गावच्या नाल्यातला, गायरानातला, कोणाच्या मालकीच्या शेतातला कडा असतो, मालकाला विचारून चढा, आम्ही संत्र्याची तोड करून देतो त्या बदल्यात.

दोर घ्यायच्या आधी हे करा. नाल्यात मोठा दगड शोधा आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर आडवं आडवं सरकत जा, वर नाही. पडलात तरी उभेच राहता. महिनाभर केलं की पाय कुठं ठेवायचा ते पायालाच कळतं. व्हिडिओ पाहून अँकर बांधू नका, कितीही सोपं वाटलं तरी, ते कोणाच्या हाताखालीच शिकायचं. अमरावती-नागपूरकडे ट्रेकिंगवाले ग्रुप आहेत, हिवाळ्यात कॅम्प काढतात, तिथं चार दिवस जा, पण आधी त्यांच्या दोरावरून तुमचा तळवा फिरवा. नीट शिकायचं असेल तर दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट) आहे १९५४ पासूनची, उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग) आहे १९६५ ची, बेसिक कोर्स २८ दिवसांचा, पेरणी-काढणी सांभाळून तारीख पाहावी लागेल. आणि विदर्भातल्या माणसाला जमतं का म्हणत असाल तर मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी पोरं एव्हरेस्टवर जाऊन आली, मिशन शौर्य नावानं शोधा.

एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही, ती अशी की चढणं असतं वीस मिनिटं आणि पाळी यायची वाट पाहत झाडाखाली बसणं असतं दोन तास. आधी मला त्याचा कंटाळा यायचा. आता मी त्यासाठीच लवकर जातो. मागच्या जानेवारीत सागाच्या वाळक्या फांदीवर एक पिंगळा भर उन्हात बसलेला दिसला, शेपटी हलवत. फोटो मॅडमला पाठवला तर तिचा फोनच आला, ओरडत, म्हणे दादा हा रानपिंगळा आहे, १९९७ मध्ये परत सापडेपर्यंत जग याला संपला समजत होतं. लहानपणी आम्ही पिंगळ्यांवर गलोल चालवायचो, हा होता का तो होता कोण पाहत होतं. छोटूला सांगितलं तर तो म्हणतो मालक, मी तर याले रोज पाह्यतो, तुमीच खाली मुंडी घालून दोर गुंडाळत असता.

शूज मात्र संध्याकाळी मापून घ्या, दिवसभर चालून पाय थोडा सुजतो तेव्हा. अंगठा पुढे टेकला पाहिजे पण दुमडून रडायला नको यायला. मी पहिले ऑनलाईन मागवले ते दोन नंबर मोठे आले, परत गेले नाहीत, छोटू ते घालून पऱ्हाटीला फवारणी करतो.