पिशवी काढली की सुटशील, असं कुणी सांगितलं?

ताई, मी यावल तालुक्यातली. वय 33, मुलगी आठ वर्षांची. चौदाव्या वर्षापासून पाळीत दुखतं, आता तर लोळायची वेळ येते. पतसंस्थेत नोकरी आहे. महिन्यातले तीन दिवस काउंटरखाली मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसते, मे महिन्यातसुद्धा. एसटीत खड्डा आला की कळ येते म्हणून उभ्यानं जाते. पाळीत संडासला बसतानाही दुखतं, हे जवळ आले तरी दुखतं. तीनदा सोनोग्राफी झाली. दोनदा ‘सगळं नॉर्मल’ म्हणाले, तिसऱ्यांदा डाव्या अंडाशयात साडेतीन सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली, एंडोमेट्रिओसिस आहे म्हणाले. सासूबाई म्हणतात, आम्ही काय पाळीत कपाशी वेचली नाही? जेठाणीनं मागच्या वर्षी पिशवी काढली, म्हणते तूही काढ, सुटशील. दुसऱ्या मुलाचं घरात बोलणं चालू आहे, माझंच ठरत नाही. गंमत म्हणजे श्रावणात कानबाई देवीच्या सणाच्या रोटांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेते, तेवढे दिवस मी ठणठणीत असते. काय करू?

*

अगं, ज्याला तू गंमत म्हणतेस ना, ते वाक्य मी तीनदा वाचलं. तुझ्या तीन सोनोग्राफींनी सांगितलं नाही ते कानबाईच्या गोळ्यांनी सांगितलं.

या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी भलतीकडे रुजतात. अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, कधी आतड्यावर, कधी मूत्राशयावर. पाळीच्या हार्मोन्सना त्याही दाद देतात, सुजतात, त्यांच्यातूनही रक्त झिरपतं. आतलं अस्तर निदान बाहेर तरी पडतं, यांना वाटच नाही. मग तिथे दाह होतो, व्रण राहतात, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. अंडाशयात साठलेलं जुनं रक्त घट्ट, तपकिरी होतं, ती तुझी चॉकलेट सिस्ट. (हे नाव ज्याला सुचलं त्याला बहुधा कधी पोटात दुखलं नसावं.) अशा रुजलेल्या पेशींचे लहान, पातळ डाग सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. म्हणजे ते दोन ‘नॉर्मल’ रिपोर्ट तुला खोटं ठरवत नव्हते.

आता त्या गोळ्या. त्यांत प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असतं. ते चालू असेपर्यंत अस्तर गळत नाही, पाळी येत नाही, म्हणून तू ठणठणीत. या आजाराची पहिल्या फळीतली औषधं याच तत्त्वावर चालतात: डायनोजेस्टची रोजची 2 मिलिग्रॅमची गोळी, गर्भनिरोधक गोळ्या, नाहीतर हार्मोन सोडणारी तांबी. सुरुवातीचे काही महिने मधूनच कपड्याला रक्ताचे डाग पडतात, कुणाचं डोकं दुखतं, कुणाचा मूड जातो. ते डॉक्टरांना सांगायचं. पण म्हणून मेडिकलमधून स्वतःच पाकीट आणून वर्षभर खाऊ नकोस. कुठलं हार्मोन, किती, रक्तात गुठळी होण्याचा धोका, अर्धशिशी, यकृताचा त्रास, हे सगळं बघून ठरतं. सणासाठी घेतेस तेही एकदा डॉक्टरांच्या कानावर घाल.

आणि ही औषधं चालू असताना मूल राहू द्यायचं नसतं. त्यामुळे दुसऱ्या मुलाचं आधी ठरव, आणि ते तुम्ही दोघांनी, अख्ख्या ओसरीनं नाही. हवं असेल तर उपचाराची दिशाच बदलते. ‘मूल झालं की बरं होतं’ हा दिलासा मात्र तुला आता कुणी देऊ शकत नाही, तुझी पोर आठ वर्षांची आहे.

पिशवीचं म्हणशील, तर एका पिशवीनं तुला आराम पडतो आणि दुसरी काढायला निघालीस! जेठाणीची का काढली, तुला ठाऊक आहे का? गाठी असतील, अंगावरून फार जात असेल, तिचं कारण वेगळं असू शकतं. तुझा आजार पिशवीच्या बाहेर आहे. पिशवी गेली आणि ते डाग तसेच राहिले, तर दुखणंही राहू शकतं. अंडाशयंही काढली तर तेहेतिसाव्या वर्षी पाळीची हार्मोन्सच कायमची बंद, मग हाडं ठिसूळ, हृदयाची काळजी. काही जणींना शेवटी ते ऑपरेशन लागतं, नाही असं नाही. पण तो रस्त्याचा शेवट आहे, तू अजून सुरुवातीला उभी आहेस. दुर्बिणीतून सिस्ट आणि डाग काढायची वेळ आली, तरी आधी विचार: अंडाशयातल्या बीजसाठ्यावर काय परिणाम होईल? परत उगवू नये म्हणून नंतर काय द्याल?

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांनी वेचली असेल कपाशी, आणि कोण जाणे, ओटीपोट दाबून धरूनच वेचली असेल. त्यांना विचारणारं तरी कोण होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळीच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला हा आजार असतो, जगभरात सुमारे 19 कोटी. निदानालाच 4 ते 12 वर्षं जातात. तुझी एकोणीस गेली.

आता कामाचं. एक वही कर. तारीख, दुखणं दहापैकी किती, कुठं, संडासला-लघवीला त्रास, गोळी कधी घेतली, कामाला खाडा पडला का. तीन महिन्यांची वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. संडासचं आणि जवळिकीचं दुखणं लाजून गिळू नकोस, आजार गर्भाशयाच्या मागे आहे का याचा अंदाज त्यावरून येतो. गरज वाटली तर एमआरआय सांगतील. खासगीचा खर्च झेपत नसेल तर जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ह्यांना बाहेर गाडीपाशी थांबवू नकोस, केबिनमध्ये बाजूच्या खुर्चीवर बसव. तुझ्या तोंडून ऐकलेलं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं यांत नवऱ्यांना फरक वाटतो, काय करणार!

वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिलेलीच, जेवून, आणि कळ चढायला लागली की लगेच घे. असह्य होईपर्यंत वाट बघितलीस तर ती पुरी पडत नाही. अचानक कधी नव्हे तशी जीवघेणी कळ, सोबत उलट्या किंवा ताप आला, तर सिस्ट फुटली किंवा अंडाशयाला पीळ पडला असेल. तेव्हा वही नको, थेट दवाखाना.

तपासणी झाली की लिही. आणि एसटीत उभी राहत जाऊ नकोस गं, दोन्ही चाकांच्या मधलं बाक धर, तिथे दणके कमी बसतात.