फणसाचे गरे, फरसाण आणि जाऊबाईंचा हिशेब

प्रश्न : ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, वय ४२. वजन वाढलं म्हणून डॉक्टरांनी तळकट बंद करायला सांगितलं. आमच्या घरी चारच्या चहाला बशीभर फरसाण आणि पाऊस लागला की भजी हे ठरलेलं. ते सोडून मी फळं खायला लागले. केळी, पेरू, मे महिन्यात दारच्या फणसाचे गरे. आता जाऊबाई म्हणतात, ‘कॅलरी ती कॅलरी. फळात साखरच की गं, ती यकृतात जाऊन चरबी होते. उगीच जीव मारतेस.’ मोबाईलवर व्हिडिओही दाखवला. फळांनी तळकटासारखंच वजन वाढतं का? तसं असेल तर मी भजी तरी का सोडू?
– एक वाचक, जांबोटी परिसर

उत्तर : जाऊबाईंचं पहिलं वाक्य बरोबर आहे. १०० कॅलरी गऱ्यांच्या काय आणि फरसाणाच्या काय, शरीराच्या खात्यात १०० च जमा होतात. रोजच्या गरजेपेक्षा जास्त खाल्लं तर फळांनीही वजन वाढेल. प्रश्न एवढाच, की फळं खाऊन तेवढं जास्त खाणं जमतं का?

घरी वजनकाटा असेल तर एकदा करून बघा. १०० ग्रॅम फरसाण बशीत काढा. गप्पा मारता मारता बशी कधी रिकामी होते ते कळतही नाही, आणि त्यात ५०० च्या वर कॅलरी असतात. आता तेवढ्याच कॅलरीची केळी मांडा : मध्यम आकाराची पाच. पेरू म्हणाल तर पाऊण किलोच्या आसपास. बिया काढलेले फणसाचे गरे अर्धा किलोहून जास्त. तिसऱ्या केळ्याला तुम्हीच म्हणाल, ‘बास की आता.’ फरसाणाला असं कोणी म्हणालेलं मी अजून ऐकलं नाही.

असं का होतं? फळात पाणी भरपूर, शिवाय चोथा. पेरूत १०० ग्रॅममागे साधारण पाच ग्रॅम चोथा असतो. चावायला वेळ लागतो, पोट भरतं. तळलेल्या पदार्थातलं पाणी कढईत उडून जातं आणि त्याची जागा तेल घेतं. एक ग्रॅम साखरेत चार कॅलरी, एक ग्रॅम तेलात नऊ. पुढच्या वेळी भजी कराल तेव्हा कढईत तेल मोजून ओता, भजी झाली की गार करून गाळून परत मोजा. जे कमी भरेल ते थोडं झाऱ्याला-कागदाला लागलेलं, बाकी सगळं ताटात. पोह्याच्या मोठ्या चमच्याला, म्हणजे १५ मिलिलिटरला, १२० कॅलरी धरा. हा आकडा जाऊबाईंना मुद्दाम वाचून दाखवा.

आता यकृताचं. फ्रुक्टोज, म्हणजे फळातली एक साखर, यकृतात जातं हे खरं, आणि गरजेपेक्षा जास्त गेलं तर त्याची चरबी होते हेही खरं. पण ही भीती आहे ती कोल्ड्रिंक, सरबतं आणि गोडधोडातल्या साखरेची, जी दोन मिनिटांत घशाखाली उतरते. अख्ख्या फळातली साखर चोथ्यासकट, सावकाश आणि मोजकीच आत जाते. व्हिडिओवाले हा फरक सांगत बसत नाहीत, कारण मग व्हिडिओ कोण बघणार!

चरबी साठवण्याच्या बाबतीतही तेल पुढेच आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत काही पुरुषांना १४ दिवस गरजेपेक्षा दीडपट खायला घातलं. वरचं खाणं पिष्टमय असताना त्यातला ७५ ते ८५ टक्के भाग अंगात साठला, स्निग्ध असताना ९० ते ९५ टक्के. फरक आहे, पण फार मोठा नाही. म्हणजे जास्तीचं काहीही खाल्लं तरी बहुतेक सगळं अंगावर चढतंच. म्हणून माझा भर मुळात जास्त खाल्लं जातं का, यावरच आहे.

तुमच्यासाठी खरी मेख वेगळीच आहे. तुम्ही फळं फरसाणाच्या जागी खाता की फरसाणानंतर? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका ‘मी फळं खाते’ म्हणतात आणि चौकशी केली की रात्री पोटभर जेवणावर दोन आंबे निघतात. आमरसात साखर, वर तुपाची धार. त्याला फळ म्हणायचं की पक्वान्न, ते तुम्हीच ठरवा. सुकामेव्याचंही तेच. मनुका म्हणजे पाणी गेलेली द्राक्षं, १०० ग्रॅमला ३०० च्या आसपास कॅलरी. तुमच्या भागातले काजू तर फरसाणाच्याही पुढे. ‘सुकामेवाच तर आहे’ म्हणत गोकाकचा करदंट (गूळ-डिंक घातलेली सुकामेव्याची मिठाई) संपवणारे आमच्या घरातही आहेत.

तेव्हा चारला एक केळं किंवा एक पेरू, नाहीतर वाटीभर गरे. गऱ्यांचं पातेलं समोर घेऊन बसू नका, वाटीत काढून पातेलं आत ठेवा. नुसत्या फळावर सहाला परत भूक लागत असेल तर सोबत मूठभर फुटाणे घ्या, किंवा चिरमुऱ्यात कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून खा, वरून तेल नको. आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी, धो धो पाऊस असताना, चार भजी खाल्ली म्हणून काही बिघडत नाही. मधुमेह असेल तर मात्र फळांचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. पत्रात तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

प्रश्न : वजन कमी करायला सकाळी नाश्त्याऐवजी मोसंबीचा रस घेतो. उसाचा रसही नैसर्गिकच असतो, तो चालेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही नकोत. रस काढला की चोथा जातो आणि तीन-चार मोसंब्यांची साखर एका पेल्यात येते. २००९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात लोकांना जेवणाआधी सारख्याच कॅलरीचं सफरचंद कधी अख्खं, कधी शिजवून लगदा करून, कधी रस काढून दिलं. अख्खं खाल्लं त्या दिवशी, सफरचंदाच्या कॅलरी धरूनही, त्या जेवणातलं एकूण खाणं, आधी काहीच न दिलेल्या दिवसापेक्षा, १५ टक्क्यांनी कमी झालं. रसाला ते जमलं नाही, रसात चोथा मिसळून दिला तरीही. उसाच्या पेल्यात तर सहा-सात चमचे साखर सहज असते. निपाणीत राहून ऊस सोडा म्हणणं जिवावर येतं, पण दात शाबूत असतील तर कांडं सोलून चावून खा. दोन कांड्यांत जबडा दुखायला लागेल. मोसंबीही सोलून खा, आणि नाश्त्याला भाकरी किंवा उपीट घ्या.