स्वातंत्र्योत्तर मराठी कादंबरीतले पुरुष एकतर रांगडे नाहीतर नेभळट, असं का?

प्रश्नात तुम्ही 'धग' या कादंबरीतल्या महादेवाला नेभळटपणाचा नमुना म्हटलंय, म्हणून लिहायला बसलो.

रांगडे नायक आहेत, हे खरंच. 'गारंबीचा बापू' (१९५२) घ्या. गावाला न जुमानता बापू राधेला आपली म्हणतो आणि वाचक खूश होतो. 'वासूनाका'मधली (१९६५) पोरं वेगळी. हातात काही नाही म्हणून नाक्यावर उभी राहून पोरींची छेड काढतात. अत्र्यांनी त्या पुस्तकावर झोड उठवली, पण पुरुषपणाचं इतकं खरं चित्र मराठीत दुसरं नाही.

आता महादेव. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची. त्याची बायको कौतिक मरेस्तोवर राबते, महादेवाला संसार झेपत नाही, पुढे त्याला महारोग होतो. आमच्या कॉलेजात सर त्याला सरळ नामर्द म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. माझं डोकं फिरलं.

माझे वडील कापडगिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना काही परत कामावर घेतलं नाही. आई ऑफिसांत डबे पोचवायला लागली. पहाटे परातभर कणीक वडील मळायचे, मेथी निवडायचे, कांदे चिरायचे, पण खोलीचं दार लावून. चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही, आमचं मात्र लावलेलं असायचं. आई डबे घेऊन निघाली की हात धुऊन गॅलरीत पेपर वाचत बसायचे. चार लोकांत बेकार दिसलेलं त्यांना चालत होतं, कणीक मळताना दिसलेलं नाही! आमचे काका भर पंगतीत म्हणाले, "हा बायकोच्या जिवावर जगतो." वडिलांनी मान वर केली नाही.

मर्दानगी शोधायची तर अशा घरांत शोधा. आपले बहुतेक कादंबरीकार तिथं जातच नाहीत, नाक्यावर नाहीतर कॉलेजच्या होस्टेलात रमतात. शेळके निदान चुलीपर्यंत गेले.

एक मात्र सांगायला हवं. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेला हे माप लावू नका. तिथं जात कळली म्हणून नायकाला मार पडतो. तो रांगडा की नेभळट, हा प्रश्नच तिथं फिजूल आहे.

बाकी तुम्ही प्रबंध लिहिताय म्हणता, तर कौतिकच्या कष्टांवर पानंच्या पानं लिहा, पण महादेवाला नामर्द ठरवून मोकळे होऊ नका. आमचे काका अजून तेच म्हणतात. त्या डब्यांतल्या पोळ्यांची कणीक कोण मळत होतं, ते त्यांनी एकदा आईला विचारावं.